गोळी बंद केली, पाळी आली नाही. मग अख्खी आळी डॉक्टर झाली

एरवी मी इथे पाणीपट्टी, एसटीच्या रद्द झालेल्या फेऱ्या आणि कचरागाडी यांवर लिहिते. आज पाळीवर लिहिणार आहे. ‘बायकांचा विषय दिसतोय’ म्हणून पुढे सरकणाऱ्या भावांना आणि काकांना विनंती, जरा थांबा. तुमच्या घरातल्या बाईच्या पर्समध्ये गोळ्यांचं पाकीट असेल, तर ते एकट्या तिच्यासाठी नसतं.

मुद्दा आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना वेळ नाही त्यांचं काम होईल. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना दर महिन्याला जे रक्त जातं, ती खरी पाळी नसते. पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यातल्या २१ हार्मोनच्या, आणि उरलेल्या ७ वेगळ्या रंगाच्या, त्या लोहाच्या (काही कंपन्यांच्या पाकिटात नुसत्या २१च असतात आणि सात दिवस सुट्टी घ्यायची असते). हार्मोन थांबलं की पिशवीचं अस्तर गळून पडतं आणि रक्त जातं. बीजांड तयार झालं, ते बाहेर पडलं, मग पाळी आली, यातलं काहीच घडलेलं नसतं. गोळीचं कामच मुळी ते घडू न देणं हे आहे. म्हणजे गोळीवर असताना पाळी घड्याळासारखी येते, ती गोळीच्या पाकिटाप्रमाणे येते. आतलं शरीर कसं चाललंय, हे त्यावरून कळत नाही.

गोळी मी पाच वर्षं घेतली. या पाच वर्षांत हे मला कुणीही सांगितलं नव्हतं. लिहून देणाऱ्यांनी नाही, विकणाऱ्यांनी नाही, आणि पाकिटातल्या त्या घडी घातलेल्या कागदावर मुंगीएवढ्या इंग्रजीत काय लिहिलंय ते वाचायला भिंग लागतं.

गेल्या वर्षी वटपौर्णिमेच्या आसपास आम्ही दोघांनी ठरवून गोळी बंद केली. आता मूल हवं, म्हणून. शेवटच्या पाकिटानंतर एकदा रक्त गेलं, ते गोळी थांबल्याचंच. त्यानंतर आषाढ गेला, श्रावण गेला, काही नाही. पहिल्या महिन्यात अर्थातच घरात आनंद. कुणी बोलत नव्हतं, पण सासूबाईंनी मला पाण्याची कळशी उचलू दिली नाही. मी टेस्ट केली. एकच रेघ. आठ दिवसांनी परत केली. एकच रेघ. तिसऱ्यांदा केली तेव्हा नवरा म्हणाला, ‘अगं, किट खराब असेल.’ किट खराब नव्हतं.

आमच्याकडे गौरी येतात. दर वर्षी महिनाभर आधी सासूबाई विचारतात, ‘तुझी तारीख कधी गं?’ कारण सोवळ्याचा स्वयंपाक कुणी करायचा ते ठरवायचं असतं. या वर्षीही विचारलं. मी म्हटलं, ‘आई, तारीखच नाही.’ त्या क्षणभर थांबल्या, आणि मग जे सुरू झालं ते दिवाळीपर्यंत संपलं नाही.

जाऊबाई म्हणाल्या, गोळ्यांनी पिशवी सुकते. समोरच्या काकू म्हणाल्या, इतकी वर्षं लांबवलं की असंच होतं, देव एकदा देतो. माहेरून आईचा फोन, तीळ-गूळ खा, अळीव खा. कुणी कच्ची पपई आणून दिली. एका लांबच्या मावशीने ‘बाहेरचं’ काही आहे का बघून घ्या, असं सुचवलं आणि देवऋष्याचा वारसुद्धा सांगितला. नोकरी करणारी बाई, वर पाच वर्षं गोळ्या खाणारी, म्हणजे तिने स्वतःच्या हाताने केलं, असा एकूण सूर. गोळ्या काय मी एकटीने ठरवून खाल्ल्या होत्या? पण नवऱ्याला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. त्याला कुणी पपईसुद्धा दिली नाही.

मी वाचलं होतं त्याप्रमाणे थोडं थांबायचं असतं, हे मला माहीत होतं. गोळी बंद केल्यावर बहुतेक जणींची पाळी महिना-दीड महिन्यात येते, काहींना तीन महिनेही लागतात. तीन महिने उलटले तर मात्र तपासायचं. तशी मी तीन महिन्यांनी गेले डॉक्टरांकडे. नाव घेणार नाही, कारण हा एका माणसाचा विषय नाही. गर्दी होती. पाच मिनिटांत माझा नंबर आला आणि तीन मिनिटांत मी बाहेर. ‘टेन्शन घेऊ नका, होतं असं. तीन महिने गोळी देतो, पाळी रेग्युलर होईल.’

नीट वाचा. मूल हवं म्हणून मी गोळी बंद केली. पाळी येईना म्हणून त्यांनी मला गोळीच लिहून दिली. चिठ्ठी हातात घेऊन मी पायऱ्यांवर उभी होते आणि मला हसावं की रडावं कळेना. गोळी घेतली असती तर रक्त गेलं असतं, यात शंका नाही. सासूबाईंना तारीख सांगता आली असती. आणि मी होते तिथेच राहिले असते.

याच एका गोष्टीसाठी मी हे सगळं लिहितेय. आपल्या भागात कितीतरी मुलींना सोळाव्या-अठराव्या वर्षी पाळी अनियमित म्हणून ही गोळी ‘सायकल बसवायला’ म्हणून दिली जाते. बऱ्याचदा देण्यापूर्वी ना थायरॉइड बघितलेलं असतं, ना सोनोग्राफी. गोळी वाईट नाही, हे स्पष्ट सांगते. पीसीओडीत तिचा खरोखर उपयोग होतो. पण तपासून, नाव कळून, मग दिली तर. न तपासता दिली की ती आजारावर टाकलेली चादर होते. मग लग्न होतं, पाळणा लांबवायचा म्हणून तीच गोळी चालू राहते, आणि सात-आठ वर्षांनी चादर काढली की खाली जे होतं ते दिसतं. तेव्हा सगळे म्हणतात, गोळीने केलं. पाळी अनियमित होती म्हणून तर गोळी दिली होती, हे तोवर सगळे विसरलेले असतात.

गोळीमुळे कायमचं वांझपण येत नाही. याबद्दल वैद्यकशास्त्रात आता वाद राहिलेला नाही. गोळी सोडणाऱ्या बायकांना वर्षभरात दिवस जाण्याचं प्रमाण इतर बायकांइतकंच असतं. गोळी सोडून पाळी येत नसेल, तर शोधायच्या गोष्टी ठराविक आहेत. सगळ्यात आधी गरोदरपण. मग थायरॉइड. प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढलंय का. पीसीओडी आहे का. वजन एकदम उतरलंय का, उपासतापास, अति व्यायाम, मोठा मानसिक धक्का यातलं काही आहे का. आणि क्वचित, चाळिशीच्या आतच बीजकोशाचं काम थांबत चाललंय का. हे शेवटचं ज्या मुलीला असतं तिच्यासाठी प्रत्येक महिना मोलाचा. तिला ‘तीन महिने गोळी घ्या, मग बघू’ म्हणणं म्हणजे काय, याचा विचार करा. शिवाय मूल नको असलं तरी पाळी महिनोन्‌महिने बंद राहू द्यायची नसते. कारण काय आहे त्यावर अवलंबून, इस्ट्रोजेन कमी राहिलं तर हाडं ठिसूळ होतात, आणि पीसीओडीत अस्तर नुसतं वाढत राहिलं तर तोही धोका असतो.

दुसऱ्या डॉक्टर बाई होत्या, दुसऱ्या शहरात, एसटीने दीड तास. त्यांनी मला पंचवीस मिनिटं दिली. पाळी पहिल्यांदा कधी आली, आईची कधी गेली, डोकं दुखतं का, नजर अंधुक होते का, छातीतून दुधासारखं काही येतं का. या शेवटच्या प्रश्नावर मी गप्प झाले, कारण थोडं येत होतं, आणि ते मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, ‘दुसरी कुठली औषधं चालू आहेत?’ मी म्हटलं, नाही काही. ‘रोजचं काहीच नाही? डोकेदुखीची, पित्ताची गोळी?’

पित्ताची होती की. दोन वर्षांपूर्वी जळजळ व्हायची म्हणून एका फॅमिली डॉक्टरांनी रोज सकाळी उपाशीपोटी एक कॅप्सूल लिहून दिली होती. किती दिवस, ते लिहिलं नव्हतं. त्याच चिठ्ठीवर मेडिकलवाला दर महिन्याला पट्टी देत राहिला. अशी कॅप्सूल आपल्याकडे घरोघरी असते, फ्रीजवर, देवघराच्या शेजारी, बसच्या प्रवासात पिशवीत. तिला औषध म्हणायचं हेच कुणाच्या डोक्यात येत नाही. यातल्या बऱ्याच कॅप्सूलमध्ये पित्ताच्या औषधाच्या जोडीला डॉमपेरिडोन नावाचं दुसरं औषध असतं, मळमळीवरचं. डॉमपेरिडोनने प्रोलॅक्टिन वाढतं. प्रोलॅक्टिन म्हणजे बाळंतिणीला दूध येण्याचं हार्मोन, आणि ते वाढलं की शरीराला वाटतं आत्ता पाळी नको. अंगावर पाजणाऱ्या बाईची पाळी लांबते ना, तसंच.

रक्त तपासलं. थायरॉइड ठीक. प्रोलॅक्टिन ७८, जे साधारण २५ च्या आत हवं. बाईंनी कॅप्सूल बंद केली, जळजळीला दुसरी साधी गोळी दिली, दोन आठवड्यांनी परत रक्त तपासलं. १९. मेंदूचा स्कॅन करायची गरजच पडली नाही. त्यानंतर सातव्या आठवड्यात पाळी आली. ऑफिसात आली, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा पोटात कळ आली म्हणून आनंद झाला.

आता बघा, हे दोन वर्षं चालू होतं. गोळीवर नसते तर पहिल्या तीन-चार महिन्यांतच पाळी लांबली असती आणि कुणीतरी विचारलं असतं. पण दर महिन्याला पाकिटाप्रमाणे रक्त जात होतं, म्हणून सगळं ‘रेग्युलर’. (माझं कारण तसं कमी दिसणारं आहे. बहुतेकींत थायरॉइड किंवा पीसीओडी निघतं. आणि मनाच्या आजारावरच्या काही गोळ्यांनीही प्रोलॅक्टिन वाढतं. त्या कुणी हे वाचून स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.)

मूल झालं का, हे कमेंटमध्ये विचारू नका. ते झालं तर पेढे मिळतील.

बरं, हे सगळं झाल्यावर मी आमच्या बचत गटात या विषयावर बोलले. पंधरा-सोळा बायका होत्या. तेव्हा लक्षात आलं की आपल्याकडे ‘पाळीची गोळी’ या एकाच नावाखाली तीन वेगवेगळी औषधं फिरतात. एक रोजची गर्भनिरोधक गोळी. दुसरी ७२ तासांच्या आत घ्यायची तातडीची गोळी, जी एकदाच घ्यायची असते. आणि तिसरी, देवाधर्मासाठी, लग्नकार्यासाठी पाळी पुढे ढकलायची. गौरी-गणपतीच्या आणि वारीच्या दिवसांत मेडिकलमध्ये जाऊन बघा तिचा खप. ही तिसरी गोळी घेतली म्हणजे गर्भ राहत नाही, असं समजणाऱ्या दोघीजणी निघाल्या. ढकलायला घेतात तशी ती गर्भनिरोधक नाही. एकजण तातडीची गोळी महिन्यात दोन-तीनदा घेत होती, कारण नवऱ्याला निरोध आवडत नाही आणि रोजची गोळी सासू बघेल ही भीती. तिची पाळी कधी दहा दिवसांनी, कधी पन्नास दिवसांनी. तिला वाटत होतं आपल्याला मोठा रोग झालाय. तातडीच्या गोळीने पाळी पुढेमागे होते हे पाकिटावर लिहिलेलं असतं, पण पाकीट ती दुकानाबाहेरच्या गटारीत टाकून घरी यायची.

आणि एकजण, नाव-गाव सांगत नाही, गोळी सोडल्यावर पाळी आलीच नाही म्हणून ‘आता काही होत नाही’ असं धरून चालली होती. साडेचार महिन्यांनी पोटात हलायला लागलं तेव्हा कळलं. हे लक्षात ठेवा बायांनो. बीजांड आधी सुटतं आणि पाळी त्यानंतर येते. म्हणजे गोळी सोडल्यावर एकदाही पाळी न येता दिवस जाऊ शकतात. पाळी नाही म्हणजे गर्भ राहणार नाही, हा हिशेब चुकीचा आहे. बाळंतपणानंतरही हेच लागू.

‘अंतरा’ इंजेक्शन घेणाऱ्यांचं थोडं निराळं. सरकारी दवाखान्यात हे दर तीन महिन्यांनी मोफत मिळतं. ते घेताना पाळी अनियमित होणं किंवा बंदच होणं हे अपेक्षित असतं, त्याने पिशवी बिघडत नाही. पण सोडल्यावर दिवस राहायला शेवटच्या इंजेक्शनपासून सात ते दहा महिने लागू शकतात. हे देतानाच सांगितलं तर बाई घाबरत नाही. ‘छाया’ गोळीवरही, जी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा घेतात, काहींची पाळी लांबते. ही गोळी आपल्या देशात, लखनौच्या सरकारी प्रयोगशाळेत शोधलेली आहे आणि तिच्यात हार्मोन नसतं, पण किती जणींना हे माहीत आहे?

गोळीबद्दल मी नंतर बरंच वाचलं. अमेरिकेत १९५७ साली ही गोळी आधी ‘पाळीच्या तक्रारींवर’ म्हणून बाजारात आली, गर्भनिरोधक म्हणून परवानगी १९६० मध्ये. ते दर महिन्याचं रक्त मुद्दाम ठेवलेलं होतं, बायकांना नैसर्गिक वाटावं म्हणून. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या संस्थेने स्पष्टच सांगितलं की या सात दिवसांच्या सुट्टीचा तब्येतीला काही फायदा नाही. म्हणजे जी गोष्ट बघून आपण साठ वर्षं ‘चला, सगळं ठीक आहे’ म्हणत आलो, ती मुळात दिलासा द्यायला ठेवलेली होती.

आणि आपल्याच महाराष्ट्रात र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं. त्यांना लोकांनी काय काय म्हटलं, कोर्टात खेचलं, बाबासाहेबांनी त्यांचा खटला चालवला, हे आपण भाषणात सांगतो. शंभर वर्षं झाली. माझ्या बचत गटात आजही ‘पाळी’ म्हणताना आवाज खाली जातो.

सरकारी आकडे बघितले तर चित्र आणखी स्पष्ट होतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशात कुटुंब नियोजनासाठी बाईचं ऑपरेशन ३७.९ टक्के, पुरुषाची नसबंदी ०.३ टक्के, आणि गोळी ५.१ टक्के. सगळा भार बाईवर, आणि त्यातही ऑपरेशनवर. ज्या पद्धती बाईला आज घेऊन उद्या सोडता येतात, त्या गोळी, इंजेक्शन, तांबी. त्यांच्याबद्दलची भीती मात्र अशा ‘पिशवी सुकते’ छाप गोष्टींतूनच वाढते. मग दोन मुलं झाली की पंचविशीत ऑपरेशन करून मोकळं व्हा.

आशाताईंना यात दोष देऊ नका. गोळ्यांचं पाकीट घरपोच देऊन त्यांनी बाईकडून एक रुपया घ्यायचा, अशी २०११ पासूनची योजना आहे. एका रुपयात त्यांनी पाकीटही द्यायचं, बीपीही विचारायचं, अर्धशिशी आहे का, पायात कधी रक्ताची गुठळी झाली होती का, हेही विचारायचं, सासूची समजूतही घालायची? विचारायला पाहिजे हे सगळं, खरं आहे. पण त्यासाठी त्यांना वेळ, प्रशिक्षण आणि मराठीत छापलेला एक सरळ कागद तर द्या.

म्हणून बचत गटातर्फे आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्राला एक अर्ज दिला. मागण्या लहान आहेत. गोळी किंवा इंजेक्शन देताना एक पानाचा मराठी कागद द्यावा, त्यात ‘महिन्याचं रक्त म्हणजे पाळी नव्हे’, ‘सोडल्यावर तीन महिन्यांत पाळी आली नाही तर तपासणीला या’ आणि ‘पाळी न येताही दिवस जाऊ शकतात’ ही तीन वाक्यं मोठ्या अक्षरात असावीत. महिन्यातून एक दिवस थायरॉइड आणि प्रोलॅक्टिनसाठी रक्त घेऊन पुढे पाठवायची सोय करावी, कारण बाहेर मला या दोन तपासण्यांना ८५० रुपये पडले आणि ते सगळ्यांना परवडत नाहीत. आणि कुटुंब नियोजनाच्या बैठकीला नवऱ्यांनाही बोलवावं.

अर्ज देताना तिथले एक कर्मचारी म्हणाले, ‘ताई, हे असं कागदावर लिहून कशाला आणलं, तोंडी सांगितलं असतं तरी चाललं असतं.’ मी म्हटलं, तोंडी सांगूनच इथवर आलोय. पोच घेतली आहे, शिक्क्यासकट. पुढच्या महिन्यात रुग्ण कल्याण समितीची बैठक आहे असं कळलंय. तारीख कळली की इथेच टाकते. ज्यांना यायचं आहे त्यांनी यावं, नवऱ्यालाही घेऊन यावं.